गोठलेल्या पँटी

उणे तीसच्या थंडीमुळे मिनेसोटातल्या त्या गावात सगळ्या शाळांना सुट्टी लागली. मारिटच्या तीन पोरांची शाळा मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावरच भरायची, तेव्हा त्यांना सुट्टी कसली. पहिला तास विज्ञानाचा झाला. प्रत्येकाने आपापली पँट पाण्यात बुचकळून अंगणात नेली, ती थोड्याच वेळात लाकडासारखी ताठ उभी राहिली, आणि पोरांनी हौसेने तिच्यावर टोपीही चढवली.

दुसरा तास अपूर्णांकांचा, आणि तो बाबांनी घ्यायचा असं ठरलं होतं. अपूर्णांकांचं नाव काढलं की बाबांना, म्हणजे ऑरिनला, काहीतरी काम आठवायचंच. आजही तो ‘शेगडीला लाकडं आणतो’ म्हणून जो बाहेर पडला, तो अर्धा तास झाला तरी फिरकला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या घरातल्या लव्हॉनबाई होत्या.

"मारिट, पोरांना घरी शिकवतेस, शिकव बाई. पण असल्या थंडीत अंगणात उभं करायची शिक्षा? माझ्याच्याने बघवत नाही."

मारिटला हसू आवरेना. "अहो, पोरं इथे माझ्यासमोर बसलीत. बाहेर नुसत्या पँटी आहेत, गोठून उभ्या राहिल्यात."

"चारही?"

"चार कुठल्या? आम्ही तीनच ठेवल्या."

"थांब हं, काच पुसून बघते."

फोनवर काच पुसल्याची करकर ऐकू आली.

"अगं, चौथी मिशीवरचा बर्फ झाडतेय."