उद्घाटनाचा फोटो

सात वर्षं एसएलआर कॅमेरा वापरून मी रेंजफाइंडर कॅमेरा घेतला आणि पहिल्याच दिवशी बैरुतजवळच्या आमच्या गावी नव्या वीजकेंद्राच्या उद्घाटनाला गेले. एसएलआरच्या लेन्सवर झाकण राहिलं तर डोळ्यापुढे अंधार होतो. रेंजफाइंडरला बघायची खिडकीच वेगळी. फीत कापणारे नगराध्यक्ष मला लख्ख दिसले. फिल्म धुऊन प्रती काढल्या तेव्हा छत्तीसच्या छत्तीस फोटो काळे.

संपादक नदीम म्हणाले, "रुला, पहिल्या पानावर जागा सोडलीय. तिथे काय तुझा राजीनामा छापू?"

"हाच फोटो छापा, उस्ताद."

"पोरी, यात काहीच दिसत नाही."

"उद्घाटनानंतर तुमच्या घरात काही दिसलं?"

ते जनरेटरच्या आवाजावर ओरडले, "खाली काय लिहू?"

"नवं वीजकेंद्र सुरू झाल्यानंतरचं आपलं गाव."

सकाळी नगरपालिकेचा फोन आला, माफी छापा म्हणून. आम्ही दुसऱ्या दिवशी तोच फोटो छापला, पानभर मोठा करून.

संध्याकाळपर्यंत सहा वाचकांचे फोन आले. फोटोत त्यांचं घर आलं होतं, एकेक प्रत हवी होती.