गुरुवारची सोबत

"तुमी असते माह्या जागी, तं गेले असते का मुंबईले?" नत्थुजींनी विचारलं.

बापूसाहेबांनी आंबिलीचा पेला खाली ठेवला. तीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात त्यांनी भल्याभल्यांची उलटतपासणी घेतली होती. आता हिवरखेडचा एक शेतकरी त्यांनाच पिंजऱ्यात उभा करत होता.

"गेलो असतो," ते म्हणाले.

"एकटे?"

"एकट्याला समिती पाठवतच नाही."

समिती म्हणजे डॉक्टर चिंतामणरावांनी एकसष्ट साली काढलेली कॅन्सरच्या रोग्यांसाठीची मदत समिती. त्या रोगाचं नाव कानावर आलं की शेजारीपाजारी त्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. समितीचे लोक कापसाच्या बाजारात उभे राहून गाडीमागे एक ओंजळ कापूस मागत आणि तो विकून रोग्यांना मुंबईच्या इस्पितळात धाडत. नियम दोनच. रोग्यासमोर रोगाचं नाव काढायचं नाही, आणि रोग्याला एकटं सोडायचं नाही.

बापूसाहेब समितीत आले ते गेल्या दिवाळीनंतर. पत्नी गोदावरीबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा वसंत दिल्लीला. त्याचं महिन्याला एक कार्ड येई आणि त्यात 'प्रकृतीस जपावे' याहून जास्त काही नसे. त्यातच बापूसाहेबांचा गळा बसला आणि कोर्ट सुटलं. गळा गेलेला वकील आणि दात गेलेला कुत्रा, दोघांना कोणी भीत नाही, असं तेच हसून सांगत. ऐकायला मात्र घरात कोणी नसे.

गळ्याचं औषध आणायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी घसा बराच वेळ पाहिला, गुळण्या सांगितल्या आणि म्हणाले, "घरात बसून भिंती मोजू नका, बापूसाहेब. आमच्या समितीत या."

दोन आठवडे ते बाजारात थैली धरून उभे राहिले. पण त्यांची हाक गाडीवानापर्यंत पोचेना. बैलांच्या घुंगरांनी हा खटला सहज जिंकला. मग डॉक्टरांनी त्यांना सोबतीचं काम दिलं. दर गुरुवारी नत्थुजींबरोबर बसायचं.

"फक्त जपून बोला," डॉक्टर म्हणाले होते. "कळलं तर माणूस खचतो."

हे बापूसाहेबांना शंभर टक्के पटलं. नत्थुजींच्या मानेवर भाजल्यासारखा जुना काळा डाग होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला आणि चटकन नजर वळवली.

खरं तर जायचं बापूसाहेबांनी, पण नत्थुजी म्हणाले की गावाहून आल्यावर आपण उतरतो त्या धर्मशाळेत बसायला जागा नाही. म्हणून तेच येत, हातात आंबिलीचा तांब्या घेऊन. बिचाऱ्याला भाकरी गिळवत नसणार, हे ओळखून बापूसाहेबही आंबीलच पीत. रोग्याला संकोच नको. शिवाय त्यांनाही ती बरी लागे.

बाकीचे सहा दिवस घरात घड्याळाखेरीज कोणी बोलत नसे. सोमवारपासूनच ते गुरुवारची वाट बघू लागत. याची त्यांना लाजही वाटे. एका माणसाचं दुखणं आणि आपल्याला त्याचा आधार! पण आधार वाटे हे खरं होतं.

आणि आता तोच तुटायची वेळ आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, या महिन्यात मुंबई गाठली तर आशा आहे, पुढच्या महिन्यात नाही. पण नत्थुजी हलायला तयार नव्हते. कधी म्हणत कपाशी वेचाची रायली, कधी म्हणत म्हैस व्याची हाये.

"बरं, तिथं जाऊन माणूस वाचते?" नत्थुजींनी पुढचा प्रश्न टाकला.

"लवकर गेला तर वाचतो."

"तुमाले सोताले असं वाटते, का डॉक्टरनं सांगतलं म्हनून बोलून राहिले?"

"मला वाटतं."

"आन् भेव?"

"भीती वाटणारच. पण इथं एकट्यानं बसून राहण्यापेक्षा..." बापूसाहेबांचा आवाज फाटला. ते घोटभर पाणी प्याले, तेही कष्टानं. मग त्यांनी सगळी वकिली बाजूला ठेवली आणि सरळ हात जोडले. "नत्थुजी, नाही म्हणू नका. तुम्ही नसलात तर गुरुवारी माझ्याकडे कोण येणार?"

नत्थुजींनी आपला पेला बाजूला सरकवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुमी संगं चालान तं येतो," ते शेवटी म्हणाले. "पन अर्ध्या वाटंतून वापस याचं नाई. काई झालं तरी. वचन द्या."

"दिलं."

शनिवारी सकाळी दोघं अकोला स्टेशनवर आले. बापूसाहेबांनी काळा कोट चढवला होता. तो हल्ली त्यांना ढगळ होई. आदल्या दिवशी त्यांनी वसंतला कार्ड टाकलं होतं, 'एका गरीब रोग्यास घेऊन मुंबईस जात आहे, काळजी नसावी.' कार्ड लिहिताना त्यांना फार बरं वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी आपला कोणाला तरी उपयोग होत होता.

खिडकीशी तिकीटबाबूंपुढे समितीचा कागद आधीच येऊन पडला होता.

"सवलतीचं तिकीट आहे," बाबू म्हणाले. "तुमच्यातले रोगी कोण?"

नियम तो नियम. बापूसाहेब तोंडानं काही बोलले नाहीत. नत्थुजींचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी डोळ्यांनीच त्यांच्याकडे खूण केली.

बाबूंनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजी खाली मान घालून उभे होते. मग बाबूंनी कागदावर बोट ठेवून वाचलं, "वय बासष्ट, धंदा वकिली." त्यांनी मान वर केली आणि आवाज मऊ केला.

"वकीलसाहेब, तुम्ही त्या बाकावर बसून घ्या. तिकिटं तुमचे सोबती घेतील."