किरकोळ हानी

एकशे बाराव्या पानावर मेलेला ड्रायव्हर दोनशे एकेचाळिसाव्या पानावर पाण्याचा टँकर चालवत होता. ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोच तो, डाव्या कानाची पाळी तुटलेला.

ताई बावीस वर्षं या प्रकाशनात मुद्रितं तपासत होत्या. प्रत्येक कादंबरीसाठी त्या एक हजेरीपत्रक आखत. कोण कुठल्या पानावर आलं, कुणाचे डोळे कसले, कोण कुठे गेलं. गेलेल्यापुढे लाल फुली. मालकांनी युद्धकादंबऱ्या छापायला घेतल्यापासून ताईंचं लाल पेन महिनाभरसुद्धा पुरत नव्हतं.

कादंबरीकाराला ऑफिसात सगळे सेनापती म्हणत. या गृहस्थाने आयुष्यात कधी मांजर हाकललं नव्हतं, पण त्याची अकरा युद्धं बाजारात हातोहात खपली होती. हे बारावं. यात नव्या क्षेपणास्त्राचं वर्णन चार पानं चाललं होतं; नवरीचे दागिने सांगावेत तसा एकेक स्क्रू कौतुकाने सांगितला होता. त्याच क्षेपणास्त्राने शत्रूचं अख्खं शहर बेचिराख झालं ते दीड ओळीत. आणि एकशे बारावर आपल्या ताफ्यावर हल्ला झाला, टँकर पेटला, ड्रायव्हर आतच राहिला. पुढचं वाक्य होतं, ‘आपल्या बाजूची हानी किरकोळ होती.’

ताईंनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. त्यांचा धाकटा भाऊही लष्करात पाण्याचा टँकर चालवायचा. अठरा वर्षांपूर्वी खरं युद्ध झालं, अकरा दिवसांचं. संध्याकाळच्या बातम्यांत हेच शब्द आले होते, हानी किरकोळ. ते ऐकून आईने हुश्श केलं आणि चहा टाकायला उठली. लष्कराची जीप तिसऱ्या दिवशी दारात आली. तेव्हापासून आईने जे अंथरूण धरलं ते धरलंच.

ताईंनी सेनापतींना फोन लावला.

“तुमचा एक माणूस एकशे बारावर मेलाय आणि पुढे जिवंत आहे.”

“कोण? ब्रिगेडियर?”

“नाही हो, टँकरचा ड्रायव्हर. कान तुटलेला.”

“कुठला ड्रायव्हर?” सेनापतींना खरंच आठवेना. “अहो ताई, तुम्हीच करा ना काहीतरी. दुसरं नाव टाका, नाहीतर मारून टाका, काय फरक पडतो! क्षेपणास्त्राचं तेवढं डोळ्यांत तेल घालून बघा हं. वाचक जीव घेतात हो माझा.”

ताईंनी फोन ठेवला. किळस आली होती, सेनापतींची आणि त्यांची वाक्यं इतकी वर्षं चकचकीत करून देणाऱ्या स्वतःचीही. त्यांनी लाल पेन उचललं, दोनशे एकेचाळीसवर नेलं आणि टोपण लावून ठेवून दिलं. ड्रायव्हर टँकर चालवत राहिला.

हे साधं नव्हतं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मालक छापत असत, ‘चूक दाखवा, पुढचं पुस्तक भेट मिळवा’. लेखकाची चूक निघाली तर शुद्धिपत्र चिकटवलं जाई. मुद्रितातली किंवा तपासणाऱ्यावर सोपवलेली निघाली तर माणूस घरी जाई. ताईंच्या शेजारी मुद्रितं तपासणारे काका हेलिकॉप्टरच्या एका चुकलेल्या पात्यापायी घरी गेले होते. ताईंच्या नोकरीची चार वर्षं उरली होती, घरी आईची औषधं होती. तरीही त्यांना वाटत होतं, जाऊ दे नोकरी. एवढ्या लोकांत एकाने तरी विचारावं, अहो, हा तर मेला होता ना?

पुस्तक आलं आणि महिन्यात संपलं. पत्रांची पोती यायला लागली. फोडायचं काम ताईंचंच. क्षेपणास्त्राला चार पंख लिहिले होते आणि असतात म्हणे सहा. त्यावर एकशे सत्तर पत्रं. एका निवृत्त शिक्षकांनी आकृती काढून पाठवली होती. एकाने लिहिलं होतं, या चुकीने माझी झोप उडाली. सेनापती दोन दिवस तोंड लपवून बसले. मालकांनी शुद्धिपत्र छापून घेतलं आणि ताईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “पंखांचं सोडलं तर पुस्तक निर्दोष आहे, ताई. तुमचा हात कुणी धरणार नाही.” ताईंनी पुढचं पाकीट फोडलं. शहराबद्दल एक पत्र नव्हतं. ड्रायव्हरबद्दल एक पत्र नव्हतं.

पोत्याच्या तळाशी एक पाकीट राहिलं होतं. अक्षर सुबक, एकेक शब्द जपून लिहिलेला. ‘महोदय, पृष्ठ २४१ वरील कान तुटलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत आपल्याकडून अक्षम्य चूक झाली आहे.’

ताईंनी वर पाहिलं. मालकांची खोली समोरच होती, दार उघडं होतं. या कागदाने नोकरी जाणार हे त्यांना लख्ख दिसलं आणि तरी डोळे भरून आले. आज घरी जाऊन आईला सांगायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. एकाला आठवला गं तो. एकाने वाचला. पदराने डोळे पुसून त्यांनी कागद उलटला.

‘तो चालवतो त्या टँकरला सहा नव्हे, दहा चाकं असतात.’