रूपरावांचं सोंग

रूपरावांच्या हातातला ग्लास पडला आणि पाणी साहेबाच्या बुटांवर सांडलं. शेजारच्या ओट्यावर बसलेले बंडूजी खाली मान घालून हसले. दाराआड उभ्या सुलोचनाबाईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याचं सोंग सुरू झालं होतं.

नागपूरचे लोक पुन्हा आले होते. रस्त्यालगतच्या विहिरीच्या वावरात त्यांना प्लॉट पाडायचे होते. रूपरावांना वावर द्यायचं नव्हतं. पण नाही म्हटलं की दलाल मागे लागतात, दमदाटी सुरू होते. म्हणून ते कधी नाही म्हणतच नसत. ते फक्त येडे होत. मागच्या खेपेला ते ठार बहिरे झाले होते. त्याआधी ‘जाते ना साहेब, काऊन नाई जात’ म्हणत त्यांनी साहेबाचीच गाडी भिजलेल्या काळ्या मातीत घालायला लावली होती. ती बाहेर काढायला बैल शोधता शोधता साहेबाची संध्याकाळ झाली. बाहेरचा माणूस आला की गावानं येडं व्हायचं आणि रूपरावांनी पुढे राहायचं, ही जुनीच रीत.

आज त्यांनी नवीन काहीतरी काढलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. डाव्या पायातली चप्पल निसटली तरी ते तसेच चालले. ग्लासही डाव्याच हातातून पडला होता. साहेबानं वावराचा विषय काढला, तर नुसतं ‘ब... ब...’

“आज तं कमालच करून राह्यले रूपराव,” बंडूजी दाराकडे पाहून पुटपुटले.

साहेब वैतागून उठला. त्याच्यासोबतची मुलगी मात्र रूपरावांकडे निरखून पाहत राहिली.

“काकू, हा लकवा आहे. माझ्या बाबांना असंच झालं होतं. आमच्या गाडीत घाला, सरळ सावंगीच्या दवाखान्यात नेऊ. उशीर नका करू.”

सुलोचनाबाईंना गावातले महादेवराव आठवले. त्यांनाही असंच गोड बोलून गाडीत बसवलं होतं, वर्ध्याला चहा प्यायला म्हणून. ते परतले तेव्हा वावर त्यांचं राहिलं नव्हतं.

इतकी वर्षं त्या दाराआडून पाहत आल्या होत्या. आज त्या उंबरठा ओलांडून बाहेर आल्या आणि भोळं हसल्या.

“थे जल्माचेच तसे हायेत, बाई. लग्न झालं तवापासून असेच. मले तं आता समजतबी नाई.”

“आमच्या गावातले सगळेच असे हायेत, मॅडम,” बंडूजींनी पुस्ती जोडली.

मुलगी गाडीत बसेपर्यंत मागे वळून वळून पाहत होती. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हसायचं नाही, हीही रीतच. धूळ बसली, तसे बंडूजी मांडीवर थाप मारून खदखदून हसले. “सुलोचनाबाई, तुम्ही तं त्याइच्याहून पक्क्या निघाल्या!”

“अजी, गेले ना थे. बस झालं आता,” सुलोचनाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

सोंग संपलं की रूपराव डोळा मिचकावून चहा मागत. आज मागितला नाही. सुलोचनाबाईंनी आपणहून मांडला. आलं जरा जास्तच घातलं. कप घेऊन त्या बाहेर आल्या.

रूपरावांनी कपाकडे पाहिलंच नाही. ते उजवा हात उचलून, गाडी गेली त्या रस्त्याकडे दाखवत होते.