बजेटमधला कॅमेरा

दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे चढवून "आता स्पष्ट दिसतंय?" असं विचारणाऱ्या माणसाला बायकोच्या फोनमधले फोटो कसे पटावेत? "हे असलं डबडं! ह्यातून काय फोटो येणार, कप्पाळ?" असं म्हणत चष्मेवाल्याने डीएसएलआर घ्यायचं ठरवलं. पण खिसा बेताचा. हा परवडतो तर लेन्स वेगळी घ्यावी लागते, तो आवडतो तर बजेटच्या बाहेर जातो. एकेका कॅमेऱ्याचा कीस पाडण्यात महिने गेले, तशी बायको वैतागली. "अहो, एवढी चौकशी तर लग्न ठरवतानाही केली नव्हती. आणा एकदाचा कुठलातरी!"

शेवटी कॅमेरा घरात आला. चष्मेवाल्याने तो पांढऱ्या चादरीवर मांडला, पट्टा नीट वळवून ठेवला, उजेडासाठी पडदा सरकवला आणि फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमचा पहिला डीएसएलआर! आता बघाच, फोटो कसे असतात ते."

लगेच आत्याचं उत्तर आलं, "अरे वा! काय स्वच्छ फोटो आलाय रे! बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतायत. पैसे वसूल झाले बघ कॅमेऱ्याचे!"



चष्मेवाल्याने बायकोचं डबडं गुपचूप तिच्या हातात परत दिलं, तशी ती म्हणाली, "काय हो, आता स्पष्ट दिसतंय?"