नाव, पहिल्या रिकाम्या जागेपर्यंत

"मी मेले म्हणत्यात, बाई," नरसव्वा म्हणाली आणि संगणक-खात्याच्या काचेच्या दाराशीच उभी राहिली.

प्रभाने वर पाहिलं. धुवट लुगडं, हातात जेवणाचा डबा. ही वाइंडिंग खात्यातली, रिळांवर सूत गुंडाळणारी बाई. सकाळी गिरणीच्या फाटकावर तिचा पितळी बिल्ला खुंटीला नव्हता. बिल्ला नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर तिच्या रिळांवर दुसरी कुणी बदलीवाली उभी राहणार. एकदा उभी राहिली की ती जागा परत मिळायची नाही. फाटकावरच्या माणसाने तिला यंत्राने छापलेला कागद दाखवला होता. वाइंडिंग, वंगारी, मयत.

"मयत वंगारी मल्लेशम झाले," प्रभा म्हणाली. "त्यांची चिठ्ठी आली होती खात्याकडून."

"व्हय की. चुलतदीर माझा. मयतीला मी सोता गेलते. पर मी कुटं मेले? मी हितं हाय की."

प्रभाने उठून तिला आत घेतलं, खुर्ची दिली. नरसव्वा खुर्चीच्या कडेवर टेकली.

प्रोग्रॅमचे कागद काढायची तशी गरज नव्हती. ते प्रभानेच लिहिले होते आणि चूक कुठे आहे ते तिला कागद उघडायच्या आधीच कळलं. नव्याने आलेल्या यंत्राची स्मृती तोकडी, पूर्ण नावं त्यात मावेनात. म्हणून तिने मोठ्या हुशारीने सांगून ठेवलं होतं की नाव पहिल्या रिकाम्या जागेपर्यंत वाचायचं, पुढचं सोडून द्यायचं. पहिला शब्द म्हणजे माणसाचं नाव, असं तिने धरलं. तेलुगू पद्मशाली विणकरांच्या घरांत आडनाव आधी येतं. हे सोलापुरात वाढलेल्या प्रभाला कुणी सांगायला नको होतं. शाळेत तिच्या बाकावरची मुलगीसुद्धा नाव विचारलं की आधी आडनाव सांगायची. लिहिताना मात्र तिच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या घरची माणसं होती.

यंत्राला वाइंडिंगमध्ये एकच वंगारी ठाऊक होता, आणि तो मेला.

तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तेवढ्यात लेबर ऑफिसर नारायणराव आले. त्यांच्या कानावर गोष्ट गेली होती.

"चूक माझी आहे," प्रभा म्हणाली. "आता बदल करते. नाव जसं येईल तसं शेवटपर्यंत ठेवायचं, कुठे तोडायचं नाही."

"करा की. पुढच्यासाठी बरंच आहे ते. पण हिचं काय? हिला परत जिवंत करता येतं का तुमच्या यंत्रात?"

माणूस भरती करायची सोय होती, खातं बदलायची होती, काढून टाकायची होती. मेलेलं माणूस परत आणायची सोय तिने ठेवली नव्हती. कुणाला सुचणार?

"मी लिहिते तीही. आठवडा द्या."

"आठवडा? पत्रकं मुंबईला मालकांच्या कचेरीत पोचली, बाई. जागा मोकळी म्हणून तिथं मांडून झालं. आता चूक झाली म्हणून कळवलं तर ते यंत्रच परत मागतील, मग तुम्ही कुठं आणि मी कुठं? त्यापेक्षा सोपं सांगतो." त्यांनी हातातला छापील अर्ज टेबलावर ठेवला. "मयताच्या जागी वारस घ्यायची आपली पद्धत आहेच. हिला वारस म्हणून घेऊ. आजच्या आज बिल्ला मिळेल."

"मल्लेशमची वारस?"

"छे! त्याच्या जागी त्याचा पोरगा लागतोय. ही स्वतःच्या जागेवर लागेल."

प्रभाला वाटलं, आता आपण ओरडू. पण तोंडून आला तो साधा, कचेरीतला आवाज. "म्हणजे त्यांची सगळी नोकरी गेली. आजपासून नवीन."

"जागा तर राहिली?"

प्रभा नरसव्वाकडे वळली. "तुम्ही नाही म्हणा," ती हळूच म्हणाली. "मी मुंबईला लिहिते. माझ्या नावाने लिहिते."

नरसव्वाने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "तुमी लिवशीला बाई, पर तवर माज्या रिळावर कोन?" ती म्हणाली. "भोंगा होऊन लई येळ झाला. लिवा काय लिवायचं ते."

नारायणरावांनी पेन प्रभाच्या हातात दिलं. कारकून रजेवर होता आणि अक्षर तिचं चांगलं. प्रभाने पेन घेतलं. घ्यायला नको होतं, हे तिला घेतानाच कळत होतं.

मयताचं नाव. तिने लिहिलं, वंगारी नरसव्वा. वारसाचं नाव. वंगारी नरसव्वा. अक्षरं नेहमीसारखी गोल आली.

पुढच्या ओळीवर पेन थांबलं.

"विचारा की," नारायणराव म्हणाले. "रिकामं सोडलं तर अर्ज परत येतो."

प्रभाने मान वर केली नाही. "मयताशी नातं काय लिहू?"

नरसव्वाने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. खरोखरच विचार केला.

"नातं न्हाई काई," ती म्हणाली. "कामाला संगट यायचो."