यानाच्या उरलेल्या खिडक्या

टीव्ही मालिकेच्या व्यवस्थापकाने टेबलावरचं छोटं यान उचललं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, “बाकीच्या खिडक्या कधी होणार?”

“बाकीच्या कुठल्या?” कारागीर म्हणाला. काम हातावेगळं झालं की त्याला आकाश ठेंगणं व्हायचं, आणि आज तर त्याच्या मते सगळंच काम झालं होतं.

त्याच्या बायकोने ब्रश खाली ठेवला. बांधायचं त्याने, रंगवायचं तिने, अशी दोघांची वाटणी होती. मालिकेतलं प्रत्येक अंतराळयान याच खोलीतून उडालं होतं. हे यान मात्र तिच्याकडे रंगवायला यायचं होतं, म्हणून तिने ते अजून नीट पाहिलंही नव्हतं. नाकापासून मध्यापर्यंत खिडक्यांच्या तीन रांगा होत्या, एकेक खिडकी मोहरीएवढी, बघत राहावं अशी. पुढे शेपटापर्यंत नुसतं गुळगुळीत पांढरं प्लास्टिक.

तिने लगेच सावरून घेतलं. या धंद्यात कॅमेऱ्याला दिसते तेवढीच बाजू सजवतात. दुसरी कोरी ठेवतात, तिकडून दिव्यांच्या वायरी बाहेर काढतात. जन्मभराची सवय, हात आपोआप थांबला असेल, असं ती म्हणाली.

व्यवस्थापकाने मान डोलावली, पण हे यान चित्रीकरणासाठी नव्हतंच. ते एका मोठ्या दालनात टांगायचं होतं. लोक त्याच्याभोवती फिरणार होते, खालून वाकून बघणार होते. आणि मालिकेचे प्रेक्षक म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसलेली मंडळी. पहिल्या यानाला खिडक्यांच्या दोन रांगा आणि दुसऱ्याला तीन का, यावर त्यांनी वर्षभर डोकं खाल्लं होतं. तेव्हा कारागिराने ‘सख्खे भाऊ तरी कुठे सारखे दिसतात’ म्हणून वेळ मारून नेली होती. आता त्यांनी नवीनच काढलं होतं. गेल्या यानाच्या शेपटाजवळच्या खिडक्या कोरलेल्या नाहीत, नुसत्या रंगवलेल्या आहेत.

“लोक म्हणतात, काहीतरी शेपटाकडून यान खात येतंय,” व्यवस्थापक हसत म्हणाला. “आमच्या लेखकाला तर ही कल्पना फारच आवडली.”

बायको हसली नाही. त्या खिडक्या तिनेच रंगवल्या होत्या. तेव्हा चार-पाचच राहिल्या होत्या. थकला असेल बिचारा, कशाला बोलून दुखवायचं, म्हणून तिने गुपचूप ब्रश फिरवला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“अहो,” ती म्हणाली, “शेपटाकडचं राहिलंय.”

“काही राहिलेलं नाही.” त्याने चष्मा चढवला, यानाच्या नाकावर बोट ठेवलं आणि रांगेवरून सावकाश सरकवत नेलं. मध्यावर, शेवटच्या कोरलेल्या खिडकीशी, बोट थांबलं. “ही शेवटची. संपलं यान. तुम्ही दोघं मिळून मला वेड्यात काढताय का?”

तो चेष्टा करत नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या चेष्टेचा सूर तिला पाठ झाला होता, आणि हा तो नव्हता. व्यवस्थापकालाही काहीतरी जाणवलं असावं. घाई नाही, सावकाश होऊ द्या, असं काहीबाही पुटपुटत तो गाडीतून खोकं आणायला गेला.

तिने यान फिरवलं. सवयीची चूक असेल तर पलीकडची, कॅमेऱ्याची बाजू शेपटापर्यंत भरलेली असणार. आणि खरंच, इकडे शेपटाच्या खिडक्या जागच्या जागी होत्या. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. इकडे नाक कोरं होतं.

तिने यान पुन्हा फिरवलं. शेपूट कोरं. पुन्हा फिरवलं. नाक कोरं. मग ती उठून त्याच्या खुर्चीमागे गेली आणि त्याला दिसतं तसं, त्याच्या खांद्यावरून पाहू लागली. यान कसंही ठेवलं तरी कोरा भाग त्याच्या डाव्या हाताला येत होता. त्याच्या नजरेत बरोबर मध्यावर जणू एक रेघ होती, आणि तिच्या डावीकडचं जग त्याच्यापुरतं उरलंच नव्हतं. तिला आता आठवलं, गेले काही दिवस तो यान लाकडी पकडीत आवळून एका हातानेच काम करत होता. तिने विचारलंही नव्हतं.

ती त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. “मी कुठे आहे?”

त्याने उजवीकडे दाराकडे पाहिलं. “कुठे निघालीस? त्याला चहा तरी विचार.”

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. यातलं काहीच न करता ती फिरून त्याच्या समोर आली, यान दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाली, “एक खिडकी वाकडी वाटतेय. बघा जरा.”

“माझी खिडकी वाकडी?” तो लगेच पुढे वाकला. उजव्या हातातला चिमटा सरसावला आणि मध्येच थांबला. त्याचा डावा हात टेबलाच्या मधोमध पालथा पडला होता, बोटांवर गोंद वाळलेला. त्याने त्या हाताकडे वैतागून पाहिलं.

“अगं, तुझा हात काढ ना आधी,” तो म्हणाला. “मध्ये येतोय.”

तिचे दोन्ही हात यानाखाली होते.